तळ्याकाठचा तंबू: अस्वल, थंडी, मेतकूट भात आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलात, तळ्याकाठी तंबूत काढलेल्या तीन रात्रींबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि बरीचशी पुण्यातूनच, कारण आपल्याकडे आता प्रत्येक सोसायटीत कोणाचा ना कोणाचा मुलगा नाहीतर मुलगी तिकडे आहे आणि आईवडील उन्हाळ्यात जातातच. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, पण सहा पत्रं अशी आहेत की त्यात बहुतेकांचे प्रश्न येऊन जातात.

मुलगी मिनियापोलिसला असते. तिने ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बाउंडरी वॉटर्सचं तीन रात्रींचं परमिट काढलंय, आम्ही दोघं, ती आणि जावई. माझं वय ६१, ह्यांचं ६६. मी आयुष्यात तंबूत झोपलेली नाही. तिथे अस्वलं असतात म्हणे. आणि संडासाचं काय? जावयांना विचारायला संकोच वाटतो म्हणून तुम्हाला लिहितेय.
– सहकारनगर

ताई, संडासाचं आधी सांगते, कारण तुम्ही शेवटी विचारलंत म्हणजे खरी काळजी तीच आहे. बाउंडरी वॉटर्स म्हणजे मिनेसोटाच्या उत्तरेकडचं तळ्यांनी भरलेलं राखीव जंगल, त्यात ठरवून दिलेल्या दोन हजारांहून जास्त कॅम्पच्या जागा आहेत आणि तिथे प्रत्येक जागेवर दोन गोष्टी असतात, जाळ करायला लोखंडी जाळी आणि मागे जंगलात थोडं चालून गेलं की खड्ड्यावर बसवलेली एक सीट. भिंती नाहीत, छप्पर नाही, चारी बाजूंनी झाडं. पहिल्या दिवशी कसंतरी वाटतं, दुसऱ्या दिवशी नाही वाटत. सीट असल्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. पाण्याची एक प्लास्टिकची बाटली फक्त ह्याच कामासाठी ठेवा, कागद आपला आपण न्यायचा, आणि रात्री जायचं तर हेडटॉर्च हवाच, हातातला टॉर्च नको, दोन्ही हात मोकळे लागतात. कचरा मात्र त्या खड्ड्यात काहीही टाकायचा नाही.

आता अस्वल. तिथलं अस्वल म्हणजे काळं अस्वल, ते माणसाला बिचकतं, पण त्याचं नाक फार तीक्ष्ण असतं आणि ते येतं ते खाण्याच्या वासाने. म्हणून एकच नियम अगदी कडक पाळायचा: वास येणारी कुठलीही गोष्ट तंबूत नाही. आपल्याला वाटतं खाणं म्हणजे डबा, पण पर्समधली बडीशेप, उशाशी ठेवलेली खडीसाखर, टूथपेस्ट, खोबरेल तेल, गुडघ्याला लावायचा बाम, हे सगळं त्यात आलं. ते सगळं अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात ठेवतात, नाहीतर पिशवीत भरून दोरीने झाडावर टांगतात, जमिनीपासून साधारण १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट लांब. खाणं कसं ठेवायचं ह्याचा तिथे आता नियमच आहे, तो मुलीला परमिट घेताना समजावून सांगतील. समजा दिसलंच अस्वल, तर सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, मोठ्याने ओरडायचं, पातेल्यावर डाव वाजवायचा. पळायचं नाही.

पण ताई, मला विचाराल तर तुम्हाला त्रास झालाच तर तो अस्वलाचा नाही, थंडीचा होईल, आणि ती थंडी वरून नाही येत, खालून येते. ऑगस्टच्या शेवटी तिथे पहाटे दहाएक डिग्री असतं, कधी पाचपर्यंत उतरतं. दहा म्हणजे आपल्याकडची डिसेंबरची पहाट झाली, तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, पण आपण ती पहाट गादीवर काढतो. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली दबतो त्याची ऊब जाते, त्यामुळे खालची मॅट बॅगेइतकीच महत्त्वाची. मॅटवर आर-व्हॅल्यू म्हणून, म्हणजे ती खालची थंडी किती अडवते त्याचा, आकडा लिहिलेला असतो, तो ४ च्या आसपास असलेली जाड, हवा भरायची मॅट तुमच्यासाठी मागा, भाड्याने मिळते. आपली ट्रेकची फोमची कॅरीमॅट एकटी पुरणार नाही. झोपताना कोरडे मोजे, लोकरीची टोपी, आणि दिवसभर घातलेले कपडे बदलून झोपायचं, कारण त्यात घाम असतो. सुती कपडे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात.

अजून एक, हे मुलीला वाचून दाखवा. परमिट असतं ते आत शिरायच्या ठिकाणाचं आणि तारखेचं, कॅम्पची जागा राखून ठेवता येत नाही. जो आधी पोचला त्याची जागा. म्हणून दुपारी दोन-तीनच्या आत जागा पक्की करायची. आणि हौसेने रोज नवीन तळं असा बेत केला असेल तर तो बदला. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालावं लागतं, त्याला पोर्टेज म्हणतात, नकाशावर ते रॉडमध्ये लिहितात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, ३२० रॉड म्हणजे एक मैल. तुम्ही ४०-५० रॉडचं एखादंच पोर्टेज घ्या, त्याने मोटरबोटीवाली गर्दी मागे पडते, आणि मग तिन्ही रात्री एकाच जागेवर राहा. माझी भाची डुलुथला असते, पहिल्या वेळी आम्ही दोघी तीन दिवसांत पाच तळी फिरलो आणि मला आज त्यातलं एकही नीट आठवत नाही. दुसऱ्या वेळी एकाच खडकावर बसून राहिलो, त्या तळ्याचा किनारा मी अजूनही कागदावर काढून दाखवीन.

मॅडम, गेल्या डिसेंबरला मित्रांबरोबर पवनेला टेंटमध्ये राहिलो, रात्री दोनपर्यंत स्पीकर चालू होता, झोप नाही की चांदणं नाही. सप्टेंबरमध्ये कामासाठी मिनियापोलिसला जातोय, चार दिवस सुट्टी आहे, परमिट वगैरे काही काढलेलं नाही. गाडीने जाता येईल अशी खरंच शांत जागा असते का? आणि इथून काय काय नेऊ?
– पिंपळे सौदागर

असते. आणि पवनेचं जे लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं, कारण मीही तिथे एक रात्र अशीच काढलीय, शेजारच्या ग्रुपला दोनदा जाऊन विनंती केली, काही उपयोग नाही, माझ्याबरोबर बहिणीचा सात वर्षांचा नातू होता आणि त्याला मी तारे दाखवायला नेलं होतं. पाणी तेच, डोंगर तेच, नुसता आवाज बंद झाला तर ती जागा काय आहे हे लोकांना कळेल असं मला मनापासून वाटतं.

बाउंडरी वॉटर्स हा सुपीरियर नॅशनल फॉरेस्टचा एक भाग आहे, त्याच्या बाहेरही ते जंगल खूप पसरलंय. तिथे तळ्याकाठी साधे कॅम्पग्राउंड आहेत, रस्टिक म्हणतात त्यांना: गाडी जागेपर्यंत जाते, एक टेबल, जाळाची जाळी, खड्ड्याचा संडास, हातपंप असला तर असला, वीज नाही, आंघोळीची सोय नाही. ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी बुकिंग नसतं, आधी येईल त्याला जागा. सोयी जितक्या कमी तितका जनरेटरवाला माणूस तिथे कमी येतो, हे लक्षात ठेवून निवडलंस तर फसणार नाहीस. सप्टेंबरचा पहिला सोमवार सुट्टीचा असतो, तो वीकेंड सोडून दे, त्यानंतरचा मंगळवार ते शुक्रवार धर. गर्दी ओसरलेली असते, डासही बरेच गेलेले असतात, पानं रंग बदलायला लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता हा तिथल्या कॅम्पग्राउंडवरचा नेहमीचा नियम, आणि लोक तो पाळतात.

इथून टेंट नेऊ नकोस. ईली आणि ग्रँड मरे ह्या दोन गावांत सगळं भाड्याने मिळतं, टेंटपासून पातेल्यापर्यंत. गॅसचा कॅनिस्टर विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तो तिथेच घे, लायटरही तिथेच. इथून ने ते हेडटॉर्च, लोकरीचे मोजे, रेनकोट (पोंचो नको, वाऱ्यात उडतो) आणि औषधं. आणि एक महत्त्वाचं, जंगलात मोबाइलला रेंज नसते म्हणून लोक सॅटेलाइट मेसेंजर घेतात, तो भाड्याने घे आणि परत करून ये. स्वस्त मिळाला म्हणून विकत घेऊन पुण्याला आणू नकोस, आपल्याकडे परवानगीशिवाय असलं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे आणि त्यावरून विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे.

सरपणही मिनियापोलिसहून गाडीत टाकून न्यायचं नाही. हे नियम म्हणून तर आहेच पण त्यामागचं कारण कळलं की पटतं. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एक हिरवा चमकदार भुंगेरा सापडला, आशियातून आलेला, त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली पोखरतात आणि झाड मरतं, आणि तो लांब लांब पसरला तो लोकांनी इकडचं लाकूड तिकडे नेल्यामुळे. तिथलंच विकत घे किंवा खाली पडलेलं, मेलेलं, मनगटाएवढं जाड असेल तेवढंच गोळा कर. जाळ विझवला म्हणजे राखेत हात घालून ती गार लागली पाहिजे.

टेंट कुठे लावायचा, तर आधी वर बघायचं. वाळलेलं उभं झाड किंवा अडकलेली फांदी असेल तर ती जागा कितीही सुंदर असली तरी नाही. ४ जुलै १९९९ ला ह्या जंगलात एक वादळ आलं होतं, काही तासांत काही लाख एकरांवरची झाडं आडवी झाली आणि त्यात तंबूंत असलेले लोक जखमी झाले, तेव्हापासून तिथले जुने लोक मान वर करूनच टेंट उघडतात. जमीन म्हणजे ग्रॅनाइटचा खडक आणि वर वीतभर माती, खुंटी जात नाही, त्यामुळे खुंट्यांशिवाय उभा राहणारा टेंट माग आणि दोऱ्या दगडांना बांध. खाली ताडपत्री टाकलीस तर ती टेंटच्या तळाच्या बाहेर चार बोटंही येता कामा नये. आमची आली होती. रात्री पाऊस लागला, बाहेर आलेल्या काठावर पाणी साचलं आणि ते सरळ आमच्या खाली, पहाटे तीनला दोघी उठून भिजलेल्या स्लीपिंग बॅगा पिळत बसलो आणि उरलेली रात्र थंडीत काकडत काढली. आणि पाऊस नसतानाही सकाळी टेंटच्या आतून पाणी ठिबकलं तर तो गळत नाहीये, तो आपल्या श्वासाचाच ओलावा, वरची झडप थोडी उघडी ठेवून झोपायचं. हे सगळं इथेच एकदा करून बघ, भंडारदऱ्याला मधल्या वारी जा, तिथेही थंडीत असंच दव पडतं.

आम्ही पूर्ण शाकाहारी. तिथे काचेची बरणी आणि डबाबंद पदार्थ चालत नाहीत असं वाचलं, मग तीन दिवस खायचं काय? मुलगा म्हणतो रेडीमेड पाकिटं घेऊ, मला ते पटत नाही.
– कोथरूड

तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. बाउंडरी वॉटर्समध्ये खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काच आत न्यायला बंदी आहे, औषधं आणि इंधन सोडून. पण आपल्या स्वयंपाकघरात डबाबंद असतंच काय? आपलं प्रवासाचं खाणं पिढ्यान् पिढ्या कोरडंच आहे, ते जणू ह्याच्यासाठीच केलेलं.

पहिल्या दिवसाला दशम्या, दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. संध्याकाळी दमून आल्यावर मेतकूट भात, तूप छोट्या प्लास्टिकच्या डबीत. दुसऱ्या दिवशी पिठलं, आणि त्याची युक्ती सांगते: घरीच बेसन कोरडं खमंग भाजायचं, दुसऱ्या कढईत तेलात मोहरी, हिंग, हळद, तिखट, वाळवलेला लसूण अशी फोडणी करून त्यात ते बेसन आणि मीठ घालून परतायचं, गार करून पिशवीत भरायचं. तिथे उकळत्या पाण्यात हलवत हलवत टाकलं की पाच मिनिटांत पिठलं. उपम्याचं तसंच. थालीपिठाची भाजणी नेली तर तेल थोडं जास्त न्या, तवा जड वाटत असेल तर पातेल्याच्या झाकणावर लावा, मी लावलीत. तुरीची डाळ नको, ती शिजेपर्यंत गॅस संपतो, मुगाची घ्या आणि दुपारीच भिजत टाका. सांडगे, भाजलेले पापड, कोरडी भेळ, हे मधल्या वेळेला. लोणचं बरणीतून काढून जाड पिशवीत, दुहेरी.

मोजून करा. उरलेली आमटी तळ्यात ओतायची नाही आणि संडासाच्या खड्ड्यातही नाही, ती परत बांधून आणावी लागते, म्हणून दोन घास कमी पडले तर चालतील. भांडी तळ्यापासून किमान २०० फूट, म्हणजे ऐंशीएक पावलं लांब नेऊन घासायची, साबण कितीही नैसर्गिक असला तरी पाण्यात नाही. आणि हिंगाची डबी न विसरता रात्री टांगायच्या पिशवीत. पाणी तळ्याचंच प्यायचं, काठावरून न भरता कनूतून जरा आत जाऊन भरायचं, मग खळखळून एक मिनिट उकळायचं किंवा फिल्टर करायचं, दिसायला ते इतकं स्वच्छ असतं की मोह होतो, पण त्यात जिआर्डिया नावाचा जंतू असू शकतो आणि त्याने पोट आठवडेच्या आठवडे बिघडतं.

भारतातून जे काही नेणार असाल ते अमेरिकेत उतरताना कस्टमला सगळं सांगा. ताजी फळं, भाज्या, बियाणं नेऊच नका. भाजणी, बेसन, मूग सगळं तिथे मिळतं, मुलाकडेच दोन दिवस आधी करून ठेवा.

मुलगा ९ वर्षांचा आहे, टिळक टँकवर पोहायला शिकलाय, छान पोहतो. कनूमध्ये नेऊ ना? आणि किडे फार असतात का?
– डेक्कन

न्या, पण तो छान पोहतो ह्यावर विसंबू नका. टँकचं पाणी आणि हे पाणी ह्यात फार फरक आहे. जूनमध्ये तर तळं इतकं थंड असतं की पडल्या पडल्या श्वास अडखळतो आणि हातपाय काही मिनिटांत जड होतात, चांगला पोहणाराही गडबडतो. लाइफजॅकेट पाण्यावर असताना कायम अंगात आणि बंद केलेलं, मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना तर तो कायदाच आहे, पण तुम्ही मोठ्यांनीही घाला, मुलं बघून करतात. जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघायचं, हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. सकाळी लवकर निघा, दुपारी वारा सुटतो आणि मोठ्या तळ्यावर लाटा येतात, तेव्हा काठ धरून जायचं. उलटलीच कनू तर तिला धरून राहायचं, ती तरंगते.

किड्यांचं म्हणाल तर मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्या, त्या चावतात तेव्हा कळत नाही, नंतर रक्त दिसतं. जून-जुलैत डास. मुलाला घेऊन जायचं तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडाच बरा. डोक्यावरून घ्यायची जाळी, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यात खोचलेली. गोचिडीही असतात आणि त्यातली एक जात लाइम नावाचा आजार पसरवते, म्हणून रोज झोपायच्या आधी मुलाच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांत बघा. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा. बहुतेक वेळा ती २४ तासांहून जास्त चिकटून राहिली तरच आजार लागतो, म्हणून रोज बघायचं हाच उपाय.

मी ऑगस्टमध्ये टाम्पेरेला शिकायला जातेय. फिनलंडमध्ये कुठेही तंबू ठोकता येतो हे खरं आहे का?
– कर्वेनगर

बरचसं खरं. तिथे सगळ्यांचा हक्क म्हणून एक जुनी रीत आहे, दुसऱ्याच्या जमिनीवरूनही चालता येतं, रानातली बेरी तोडता येते, एखाद-दोन रात्री तंबू लावता येतो, फक्त कोणाच्या घरापासून चांगलं लांब आणि शेतात नाही. जाळ मात्र ह्या हक्कात येत नाही, त्याला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि वणव्याचा इशारा असेल तेव्हा उघड्यावर जाळ करायचाच नाही. राष्ट्रीय उद्यानांत ठरवलेल्या जागीच राहायचं, तिथे तळ्याकाठी लावू नावाचे तीन भिंतींचे लाकडी आडोसे असतात, फुकट, बऱ्याच ठिकाणी सरपणही ठेवलेलं असतं. देशात तळी सुमारे १ लाख ८८ हजार आहेत, त्यामुळे एक तुझ्या वाट्याला येईलच. पुढच्या जूनमध्ये गेलीस तर डोळ्यांवर बांधायला पट्टी ने, रात्र नीट होतच नाही.

गेल्या वर्षी मुलाकडे गेलो असता आम्ही एका तळ्याकाठी राहिलो. मध्यरात्री पाण्यावरून कोणीतरी लांब सूर काढून रडावं तसा आवाज आला. मुलगा झोपेत होता. लांडगा असावा का? माझं वय ७४, तो आवाज अजून कानात आहे.
– सदाशिव पेठ

काका, पाण्यावरून आला म्हणताय म्हणजे तो लून. मिनेसोटाचा राज्यपक्षी. बदकापेक्षा मोठा, काळा-पांढरा, पाठीवर चौकटी चौकटी, आणि उन्हाळ्यात डोळे लाल. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, ह्याची बरीचशी भरीव, त्यामुळे तो अंगाने जड आणि बुडी मारण्यात पटाईत, इथे बुडतो आणि आपण अंदाज बांधतो त्याच्या भलत्याच बाजूला वर येतो. पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून हिंडतात. शरद ऋतूत मोठे आधी निघून जातात आणि ती पिल्लं मागाहून, कोणी वाट न दाखवता, समुद्रापर्यंत एकटी जातात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. मासेमारीची शिशाची वजनं गिळून हे पक्षी मरतात, म्हणून तुमचा मुलगा गळ टाकत असेल तर त्याला कथलाची वापरायला सांगा.

त्याचे आवाज चार प्रकारचे. एक थरथरता, वेडं हसल्यासारखा, तो घाबरला की. एक नराचा, चढत-उतरत जाणारा, ही माझी हद्द म्हणून, आणि प्रत्येक नराचा वेगळा. एक अगदी हळू, घरच्या घरी बोलल्यासारखा, जवळ असल्याशिवाय ऐकू येत नाही. आणि चौथा तुम्ही ऐकलात तो, लांब, एक सूर धरून वर जाऊन परत खाली येणारा. तो रडण्याचा नाही. जोडीदार तळ्यावर कुठे आहे ते विचारण्याचा आहे. परत जाल तेव्हा मुलाला उठवा आणि दोघं बाहेर येऊन दुसऱ्या काठाकडे कान लावून थांबा. आमच्या तिसऱ्या रात्री चौथ्या हाकेला उत्तर आलं होतं.